आजोबांच्या पिकअपला इतक्यात पाना लावू नका

वाचकाचं पत्र:

"सप्रेम नमस्कार. मी ४३ वर्षांचा आहे. सिंहगड रस्त्यावर राहतो, हिंजवडीत नोकरी करतो. सासवडजवळ आमच्या गावी, शेडमध्ये आजोबांची १९७१ ची महिंद्रा एफसी-१५० पिकअप उभी आहे. पेट्रोल इंजिन, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. अंजीर-सीताफळांच्या पाट्या भरून आजोबा ती दिवे घाटातून पुण्याला आणायचे. ते गेल्यापासून, म्हणजे तीसेक वर्षं, ती हललेली नाही. फाळक्यावर पेंटरनं काढलेलं 'जय मल्हार' अजून वाचता येतं. ओळखीतले एक मिस्त्री म्हणतात, पार चासीपर्यंत खोलू, डिझेल इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग टाकू, सहा महिन्यांत नवी कोरी करून देतो. त्यांना मी १० हजार आगाऊ दिलेत. पण खरं तर मला हे काम सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातानं करायचंय. सवय नाही, शिकायची तयारी आहे. तीन लाख बाजूला काढलेत. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणू का? बायको म्हणते, एक रविवार आमचा होता, तोही जाणार. वडील या विषयावर काहीच बोलत नाहीत. काय करावं?"

— एक वाचक, सिंहगड रस्ता

नमस्कार.

करा. मनापासून सांगतो, जरूर करा. फक्त ती गाडी खोलू नका.

घरगुती हौसेनं हाती घेतलेल्या जुन्या गाड्या पैशाअभावी क्वचितच अडतात. त्या अडतात सुटे भाग होऊन. सुरुवातीच्या उत्साहात दोन-तीन रविवारांत सगळं खोललं जातं, कारण खोलणं सोपं असतं आणि काम पुढे सरकल्यासारखं वाटतं. मग पावसाळा येतो, मुलांच्या परीक्षा येतात, ऑफिसात एखादा प्रकल्प डोक्यावर बसतो. चार महिन्यांनी शेडमध्ये परत आलात की समोर दीडशे बोल्ट असतात आणि कुठला कुठे होता ते आठवत नाही. अशी खोललेली गाडी पुढे भंगाराच्या भावानं जाते. गॅरेजवाल्याला पूर्ण खोलणं परवडतं, कारण तो रोज त्याच कामावर उभा असतो. तुमच्याकडे आठवड्यातला एखादा दिवस आहे. तेव्हा तुमची रीत वेगळी असली पाहिजे: गाडी कायम चाकांवर उभी, एका वेळी एकच भाग उघडायचा, तो पुरा करून बसवायचा, मगच दुसरा. क्रमही पक्का ठेवा. आधी थांबेल अशी करा, मग चालेल अशी, आणि दिसायला चांगली सर्वांत शेवटी.

पण त्याच्याही आधी कागद. गाडी कुणाच्या नावावर आहे? आजोबांच्याच असेल, तर आज ती तुमच्या वडिलांची, काकांची आणि आत्यांची मिळून आहे. मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो, आणि सोबत बाकीच्या वारसांची संमती. ही संमती आत्ता घ्या, गाडी गंजलेली असताना. आज काका हसून "ने की" म्हणतील. तुम्ही दोन-तीन लाख घालून ती चालती केलीत की एखाद्या चुलत भावाला तिच्यात वाटणी दिसायला लागेल. यात कुणी वाईट नसतं, पण घरातला गोडवा जातो. आत्यांच्याही सह्या घ्या. त्यांना विचारायचं राहून जातं, आणि दुखतं तेही तिथेच.

मग चासी नंबर आणि इंजिन नंबर शोधा. तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं मळ काढा, ग्राइंडर अजिबात लावू नका. दोन्ही नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा आणि फोटो काढून ठेवा.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी तिच्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र ही नोंदणी मिळाली की गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यापुरतीच. आणि तुमच्या बाबतीत एक गाठ आहे. ही तरतूद बिनव्यापारी, खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहे, आणि आजोबांची पिकअप बहुतेक मालवाहू म्हणून नोंदलेली असणार. तेव्हा आरसी बुकाची प्रत घेऊन संगम पुलाजवळच्या आरटीओत जा. वर्ग बदलून विंटेज नोंदणी होईल, की फिटनेस करून साधी फेरनोंदणीच करावी लागेल, हे लेखी विचारा. थकलेला कर किती तेही तिथेच कळेल. तोंडी उत्तरावर किंवा एजंटच्या भरवशावर गाडीत पैसे घालू नका.

डिझेल इंजिनाचा प्रश्न इथेच निकालात निघतो. इंजिन बदललं की मूळ रूप गेलं, विंटेजची वाट बंद झाली, आणि साध्या फेरनोंदणीतही आरसी बुकाशी न जुळणारा इंजिन नंबर तुमच्या गळ्यात पडला. पण नियम बाजूला ठेवले तरी मी तुम्हाला तेच इंजिन राखायला सांगितलं असतं. विलीज कंपनीनं ही एफसी अमेरिकेत १९५६ साली आणली आणि पुढे महिंद्रानं ती इथे बनवली. तिच्यातलं सव्वादोन लिटरच्या आसपासचं चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन आणि जुन्या पेट्रोल जीपचं इंजिन एकच. त्यामुळे रिंग-पिस्टन, गॅस्केट, वॉटर पंप, क्लच प्लेट ही सगळी जीपची म्हणून मिळतात. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत "एफसीचं" मागितलंत तर मान हलेल. "पेट्रोल जीपचं" म्हणा. अवघड आहे ते केबिनचं सामान: काचा, रबर बीडिंग, दरवाजांची कुलपं, दिव्यांच्या रिंगा, नावाच्या पट्ट्या. ते कितीही मोडकं असलं तरी फेकू नका. तुटक्या हँडलवरून नवं घडवता येतं, नुसत्या आठवणीवरून येत नाही.

गाडी कुठे ठेवायची? आहे तिथेच, गावच्या शेडमध्ये, निदान ती स्वतःच्या ब्रेकवर थांबेपर्यंत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेल सांडणार, पत्रा ठोकला जाणार, पेट्रोलचा वास सुटणार. पंधरा दिवसांत तक्रार येईल आणि ती रास्त असेल. पुढे पुण्यात आणायची वेळ आली तर सपाट पाठीच्या टोइंग गाडीवर चढवून आणा. दोर लावून, ब्रेक नसलेली गाडी दिवे घाटातून उतरवायचा विचारसुद्धा करू नका, कुणी कितीही सराईत असलं तरी.

आता पहिला पाना कुठे लावायचा ते. तुमच्या घरातले पाने मिलिमीटरचे असतील. ही गाडी इंचाच्या मापाची आहे. मिलिमीटरचा पाना तिच्या नटावर बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे गोल करून टाकतो. रविवार पेठेत बोहरी आळीत इंची मापाचा संच घ्या. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फिरलात तर चांगल्या पोलादाचे जुने पाने स्वस्तात मिळतील, पण त्यात ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचेही मिसळलेले असतात आणि ते इथे चालत नाहीत. एखादा नट सोबत न्या आणि बसवून बघा. गंजलेल्या बोल्टला एकदम ताकद लावू नका. गंज सोडवायचं तेल मारा, पुढच्या आठवड्यात या, पुन्हा मारा. सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्याकडे ही एक श्रीमंती असते, त्याला घाई नसते. गॅरेजवाला तोच बोल्ट तोडून मोकळा होतो.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका. भक्कम स्टँड लावा, न उचललेल्या चाकांना ठोकळे द्या, आणि शेडमध्ये एकटे असताना गाडीखाली शिरू नका.

ब्रेकपासून सुरुवात करा. तिच्या चारही चाकांना ड्रम आहेत आणि ऑइलची यंत्रणा एकच. आजच्या गाडीत एक बाजू गेली तरी दुसरी थोडीफार धरते. इथे एका चाकाचा पाइप फुटला की पॅडल थेट खाली, चारही चाकं मोकळी. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि लोखंडी पाइप, सगळं नवं किंवा नव्यासारखं केलेलं हवं. "हा पाइप ठीक दिसतोय" हे इथे चालणार नाही. ड्रम उघडलात की आतली काळी पूड हवेनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात कायमचं बसतं. पाणी मारून ओलं करा, ओल्या फडक्यानं पुसा, मास्क लावा. हँडब्रेकही आत्ताच नीट करा. टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदलायचेच; तीस वर्षांत रबर आतून मेलेलं असतं.

मग इंजिन. बॅटरी जोडून सेल्फ मारून बघायचा मोह होईल, आणि गावातली चार मंडळी "धक्का मारू" म्हणत जमतील. दोन्ही नको. सिलिंडरच्या भिंतींवर गंज आणि त्यात अडकलेल्या रिंगा, अशा अवस्थेत जोरानं फिरवलं तर जे वाचण्यासारखं होतं तेही तुटेल. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा आणि आठवडाभर तसंच राहू द्या. नंतर पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून हातानं हळूच पुढे-मागे हलवा. हललं तर थोडं थोडं करून पूर्ण फेरा घ्या.

या इंजिनाची एक खासियत लक्षात ठेवा. याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात हे खालचे व्हॉल्व्ह गंजून उघडेच अडकतात. ब्लॉकच्या बाजूचं झाकण काढून, कुणाला तरी इंजिन हातानं फिरवायला सांगून, चारही वर-खाली होतात का ते डोळ्यांनी बघा. एखादा वरच राहिला तर थांबा आणि त्याच्या दांडीला तेल पाजा.

संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवून तळाचा गाळ साफ करा, मग नवं ऑइल. रेडिएटर, पाण्याचे होज, एअर क्लीनर पाहा. उंदराचं घरटं सापडण्याची शक्यता बरीच आहे. ठिणगी पाडणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट घासा, कंडेन्सर आणि प्लगच्या वायरी नव्या घाला. पेट्रोलची टाकी उतरवा, पण तिला घरी वेल्डिंग, गॅस, ग्राइंडर यातलं काहीही लावू नका. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. टाक्या आणि रेडिएटर धुणाऱ्या अनुभवी माणसाकडेच ती द्या. पहिल्यांदा इंजिन सुरू कराल त्या दिवशी पावडरचं अग्निशामक हाताशी हवं. या गाडीत इंजिन दोन सीटांच्या मधोमध, केबिनमध्ये झाकणाखाली असतं. कार्ब्युरेटर गळत असेल तर आग तुमच्या मांडीजवळ लागेल.

पेट्रोलविषयी थोडं जास्त सांगतो, कारण इथे जुन्या मिस्त्रींचं ज्ञान कमी पडतं. तुमची गाडी उभी राहिली तेव्हा पंपावर शिसं घातलेलं पेट्रोल मिळत होतं. फेब्रुवारी २००० पासून देशभर ते बंद झालं. आणि आज पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि जुनी गॅस्केटं खातं, हवेतलं पाणी ओढून टाकी आतून गंजवतं, शिवाय वर्षानुवर्षं साठलेला चिकटा सोडवून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये नेऊन बसवतं. तेव्हा टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक नळी इथेनॉल चालणाऱ्या रबराची घाला, मध्ये स्वच्छ फिल्टर द्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेवा. शिशाचा एक उपयोग व्हॉल्व्हच्या बैठकांना आधार देण्याचा होता. कधी इंजिन उघडायची वेळ आलीच, तर एक्झॉस्टला कडक पोलादाच्या बैठका बसवून घ्या.

ती वेळ येईल का, हे इंजिन चालू करून तापल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून ठरवा. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील, निळा धूर नसेल, ऑइलचा दाब ठीक असेल, तर इंजिन बिलकुल खोलू नका. एखादा फारच मागे असेल तर भोसरीत बोअरिंग आणि हेड फेसिंग करणाऱ्या वर्कशॉपची वाण नाही. पुण्यात राहण्याचा हा मोठा फायदा आहे. टेल्को, बजाज टेम्पो, बजाज ऑटो अशा कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवलेले निवृत्त फिटर आणि टर्नर पिंपरी-चिंचवडपासून धायरीपर्यंत घरी बसलेले आहेत. तुमच्याच सोसायटीत विचारून बघा. अशा माणसाला आदरानं बोलावलं तर महिन्यातून एक दुपार तो आनंदानं येईल, आणि पाना कसा धरायचा, कुठे थांबायचं हे तुम्हाला एका दुपारीत हातात हात घेऊन शिकवेल. त्यांचा वेळ फुकट समजू नका, एवढं मात्र पाळा.

गाडी चालली, थांबली, वळली, दिवे लागले की मग पत्रा. चासीचे आडवे जोड, बॅटरीखालचा तळ, केबिनची जमीन आणि दरवाजांचे खालचे कोपरे छोट्या हातोडीनं वाजवून बघा. आवाज बद्द आला तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे किंवा पत्रा कुजलाय. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा, त्यावर लांबी थापायची नाही. पत्राकाम आणि प्राइमर जूनच्या आत उरकत नसेल तर दिवाळीनंतरच हात घाला. नुसतं रेड ऑक्साइड मारून ठेवलेला पत्रा पावसाळी हवा पितो आणि खालून गंज धरतो. हौद्याच्या फळ्या भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये मिळतील. लाकूड सुकं बघून घ्या, आणि जुनी एखादी फळी नमुना म्हणून न्या.

फाळक्याला सँडपेपर लावू नका. मिस्त्री तो पहिल्याच दिवशी घासून टाकतील, कारण त्यांच्या लेखी तो जुना रंग आहे. चासी, इंजिन, टायर, फळ्या, सगळं पुन्हा मिळतं किंवा करून घेता येतं. त्या पेंटरच्या हाताचं 'जय मल्हार' कुठेही मिळणार नाही. सौम्य साबणानं धुवा, आतल्या बाजूनं गंज थांबवा, अक्षरांवर आधी कोपऱ्यात चाचणी करून पारदर्शक थर द्या. बाकी गाडी झळाळत असताना फाळका जुनाट दिसेल, तर दिसू द्या. माझं मत विचाराल तर बाहेरचा बाकी रंगही जिथे धरून आहे तिथे तसाच ठेवावा.

पैशांचं थोडक्यात. तीन लाखांतले पहिले पैसे ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे जोड, पेट्रोलची लाइन आणि वायरिंग यावर जाऊ देत. रंग आणि सीट कव्हरसाठी आत्ता काहीही घेऊ नका. आणि प्रत्येक वेळी शेडमध्ये जाताना त्या दिवसात संपेल एवढंच काम ठरवून जा. "आज डाव्या पुढच्या चाकाचा ब्रेक" हे काम आहे. "आज ब्रेक" हे काम नाही.

रविवारबद्दल तुमची बायको बरोबर बोलते आहे, आणि तिला पटवायच्या युक्त्या मी सांगणार नाही. महिन्यातले दोन रविवार गाडीचे, दोन घरचे, हे तिच्याशी बसून ठरवा आणि घरच्या रविवारी फोनवर कार्ब्युरेटरचे व्हिडिओ बघत बसू नका. महिन्याला दोनच दिवस मिळाले तर वर्ष-दीड वर्षात ती गाडी शेडबाहेर येईल, तेवढं पुरे आहे. बायको स्वतःहून गावी आली तर उत्तम. तिनं यावं असा आग्रह धरू नका.

वडिलांचं न बोलणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती गाडी तुमच्यासाठी आजोबांची आठवण आहे. त्यांच्यासाठी ती पहाटे तीनला उठून भरलेल्या पाट्यांची, घाटात बंद पडल्याची, कदाचित कर्जाची आणि वडिलांशी झालेल्या भांडणांचीही असू शकते. "बाबा, मी ही दुरुस्त करू ना?" असं विचारलंत तर "कर" म्हणतील आणि पुन्हा गप्प होतील. त्याऐवजी कामाचं विचारा. भरलेली गाडी घाटात कुठल्या गिअरमध्ये उतरवायचे? पहिला गिअर कसा टाकायचे? या गिअरबॉक्सच्या पहिल्याला सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद बसवणारी सोय, नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच करावा लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो, आणि ते ज्यानं केलंय त्याच्या पायाला माहीत असतं. वडिलांनी ती चालवली असेल तर तुम्हाला ते शिकवणारा माणूस घरातच आहे. त्यांना खुर्ची टाकून शेडमध्ये बसायला बोलवा, पाना हातात देऊ नका. आणि बोलता बोलता त्यांनी ती विकून टाक असं सांगितलं, तर कारण विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. अशा वेळी मी तरी गाडीपेक्षा त्यांचं ऐकेन.

राहिले मिस्त्री. ते वाईट सल्ला देताहेत असं नाही, ते त्यांच्या धंद्याच्या हिशेबानं बोलताहेत. दहा हजार परत मागून ओळख तोडू नका. त्यांना सांगा, गाडी खोलायची नाही, इंजिन हेच राहणार, पण ब्रेकचे पाइप वाकवून, टोकं पसरवून (फ्लेअर करून) बसवायचं काम तुमचं, आगाऊ रक्कम त्यात धरा. ते काम नवशिक्यानं पहिल्यांदा करू नये असंच आहे. गावी येऊन, तुमच्यासमोर करायची अट घाला. नाही म्हणाले तर दहा हजारांवर पाणी सोडा आणि सासवडलाच जीपचं काम करणारा दुसरा माणूस शोधा.